प्रतिसाद कुणाचा? लिहिणाऱ्याचा, की ज्याच्या पोस्टखाली लिहिला त्याचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. तुम्ही चौघे मित्र मिळून वर्डप्रेसवर एक मराठी साइट चालवता. लेख मास्टोडॉनवरूनही (वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरचं समाजमाध्यम) वाचता यावेत म्हणून ॲक्टिव्हिटीपबचं, म्हणजे असे सर्व्हर आपसात ज्या भाषेत बोलतात तिचं, प्लगइन बसवलंत. परवा एका लेखाखाली साइटवर १२ प्रतिसाद होते, तुमच्या मास्टोडॉन खात्यावरून बघितलं तर ५ दिसले आणि तुमच्या मैत्रिणीला तिच्या सर्व्हरवरून फक्त २. यातले खरे किती आणि बिघडलंय कुठे, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता एक ओळही लिहिली आहे: एकाने वाईटसाईट लिहिलं होतं, ते साइटवरून उडवलं, तरी मैत्रिणीला ते दिसतंच आहे.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. आकड्यांचा घोळ हे त्याचंच लक्षण. प्रतिसाद नेमका राहतो कुठे आणि त्याच्यावर हक्क कुणाचा, हे ठरवलं की आकडे, ब्लॉक, स्पॅम, खाजगीपणा या सगळ्याची उत्तरं एकाच जागेवरून काढता येतात. मी २०१९च्या नोव्हेंबरात मास्टोडॉनवर आलो. भारतातून बरेच लोक तेव्हा एकदम तिकडे वळले होते. पुढे २०२२च्या शेवटी मराठी लोकांसाठी एक छोटा सर्व्हर उभा केला, तो अजून चालवतो. खाली लिहितोय ते बहुतेक त्या सर्व्हरचे लॉग वाचता वाचता आणि लोकांच्या तक्रारी सोडवताना शिकलेलं आहे.

आधी आकडे. मायबोलीसारखं संकेतस्थळ घ्या, १९९६ पासून चालू आहे. तिथे धागा एकाच डेटाबेसमध्ये असतो. धागाकर्ता, वाचक, ॲडमिन सगळे एकच पान बघतात, त्यामुळे प्रतिसाद किती या प्रश्नाला एकच उत्तर असतं. फेडिवर्समध्ये, म्हणजे मास्टोडॉनसारखे सर्व्हर जोडून बनलेल्या जाळ्यात, असं एक पान नसतंच. प्रत्येक सर्व्हर आपापली प्रत ठेवतो आणि त्याच्यापर्यंत जे पोचलं तेवढंच त्या प्रतीत असतं. तुमच्या १२ पैकी काही प्रतिसाद साइटवरच्या फॉर्ममधून आलेले असणार. फॉर्ममध्ये नुसतं नाव टाकून लिहिणाऱ्या वाचकाचं फेडिवर्सवर खातं नाही, त्यामुळे त्याचा प्रतिसाद तुमच्या साइटबाहेर पडलेलाच नाही. एवढा फरक रास्त आहे. एखादा सर्व्हर तुमच्या मैत्रिणीच्या ॲडमिनने मुद्दाम बंद केलेला असेल, तर तिथले प्रतिसाद तिला दिसू नयेत हेही रास्तच. उरलेला फरक मात्र रचनेतल्या खोटीमुळे आहे.

ॲक्टिव्हिटीपब हे २०१८च्या जानेवारीत डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झालं. त्यात प्रतिसाद म्हणजे एक स्वतंत्र पोस्टच असते. तिच्यावर 'मी अमुक पोस्टला उत्तर आहे' अशी खूण तेवढी असते, तिचं नाव इन-रिप्लाय-टू. ईमेलच्या हेडरमध्येही याच नावाची ओळ असते. ही खूण फक्त वरच्या दिशेने बोट दाखवते. लेकराला आई कोण ते ठाऊक, पण आईला आपली लेकरं किती आणि कुठे ते ठाऊक असेलच असं नाही. त्यामुळे कुठलाही प्रतिसाद हातात आला की सर्व्हर वर वर जात मूळ पोस्टपर्यंत पोचतो. मूळ पोस्टवरून खाली उतरायला मात्र तशी खात्रीची वाट नाही.

प्रत्यक्षात याने काय होतं ते सांगतो. आमच्या सर्व्हरवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एक शिक्षिका आहेत. एका पावसाळ्यात त्यांनी शाळेच्या कुंपणावरच्या वेलीचा फोटो टाकला. लाल-पिवळ्या, मागे वळलेल्या पाकळ्या, आणि पानांची टोकं तंतूसारखी वळून काटक्यांना धरलेली. खाली लिहिलं होतं, "ही कोणती? मुलं वहीत ठेवायला तोडून आणतायत." पटापट उत्तरं आली. कुणी "काय सुंदर!" म्हणालं, कुणी "कळलावी" असं नाव सांगितलं, आणखी एकाने "हीच अग्निशिखा" असं लिहिलं. या अग्निशिखावाल्या उत्तराखाली एका वनस्पतिअभ्यासक बाईंनी लिहिलं. त्यांचं खातं जर्मनीतल्या एका सर्व्हरवर आहे. "ही वेल विषारी आहे. सगळेच भाग, पण कंद सगळ्यात जास्त. त्यात कोल्चिसीन असतं. मुलांना कंद उकरू देऊ नका, फुलं हाताळली तर हात धुवायला लावा."

मी त्या रात्री दुसऱ्या एका सर्व्हरवरच्या माझ्या चाचणीच्या खात्यातून ती पोस्ट उघडली. ते खातं शिक्षिकेला फॉलो करतं. मला "सुंदर!" दिसलं, "कळलावी" दिसलं, "अग्निशिखा" दिसलं. इशारा दिसला नाही. त्या सर्व्हरवरून त्यांना फॉलो करणाऱ्या प्रत्येकाला ही वेल सुंदर आहे एवढंच कळत होतं.

याचं कारण असं. मूळ पोस्टला थेट आलेलं सार्वजनिक उत्तर मास्टोडॉन लेखकाच्या फॉलोअरांच्या सर्व्हरकडे पुढे पाठवतं. त्यासाठी त्या उत्तरावर एका विशिष्ट प्रकारची डिजिटल सही लागते आणि सगळी सॉफ्टवेअर ती करत नाहीत. पण हे तेवढ्या एका पायरीपुरतंच. इशारा होता दुसऱ्या पायरीवर, म्हणजे उत्तराला दिलेलं उत्तर. तो शिक्षिकेच्या सर्व्हरवर आला, कारण त्यात त्यांचा उल्लेख होता. अग्निशिखावाल्याच्या सर्व्हरवर गेला, आणि अभ्यासक बाईंच्या फॉलोअरांकडे गेला. शिक्षिकेच्या फॉलोअरांकडे तो पाठवायचं काम कुणाचंच नव्हतं. कुणीतरी बूस्ट केलं, म्हणजे आपल्या फॉलोअरांना पुढे पाठवलं, म्हणून ज्यांच्यासमोर ती पोस्ट आली, त्यांना तर याहूनही कमी दिसलं असणार. तुमच्या मैत्रिणीला २ का दिसले, ते यावरून लक्षात येईल.

यावर उपाय तीन प्रकारांनी शोधले गेले आहेत. कुठल्या प्रकारात काय मिळतं आणि काय जातं, ते बघून मग माझं मत सांगतो.

पहिला प्रकार म्हणजे सगळं लेखकाच्या हातून जाऊ द्यायचं. डायस्पोरा हे अशाच जोडलेल्या सर्व्हरचं समाजमाध्यम २०१० साली आलं, फ्रेंडिकाही त्याच काळातलं. डायस्पोरामध्ये तुमची कमेंट आधी मूळ पोस्ट लिहिणाऱ्याच्या सर्व्हरकडे जाते आणि तो ती पोस्ट ज्यांना दिसते त्या सगळ्यांना पोचवतो. याच सुमारास सामन नावाचा एक प्रोटोकॉल निघाला होता. सामन मासा प्रवाहाविरुद्ध पोहत उगमाकडे जातो, तसे प्रतिसाद मूळ स्रोताकडे परत जावेत, ही त्यामागची कल्पना. आजच्या लेमी या चर्चामंचात लेखकाच्या जागी कम्युनिटी, म्हणजे एका विषयाचा गट, असते. प्रतिसाद तिच्याकडे जातो आणि ती सगळ्या सदस्य-सर्व्हरना तो जाहीर करते. या पद्धतीत धागा सगळीकडे जवळपास सारखा दिसतो, आणि लेखकाला नको असलेलं वेळीच अडवता येतं.

दुसरा प्रकार ब्लूस्काय या समाजमाध्यमाचा. तिथे तुमचा प्रतिसाद तुमच्याच साठ्यात राहतो. त्यावर दोन खुणा असतात, लगेच वरची पोस्ट कोणती आणि धाग्याचं मूळ कोणतं. एक मोठी यंत्रणा सगळ्यांच्या साठ्यांतून सगळं गोळा करते आणि धागा जुळवून दाखवते. त्यामुळे तिथे "मला दोनच दिसतात" ही तक्रार सहसा येत नाही. मूळ लेखक थ्रेडगेट नावाची नोंद ठेवू शकतो: उत्तर कोण देऊ शकतं, कुठले प्रतिसाद झाकायचे. झाकलेला प्रतिसाद नष्ट होत नाही. तो लिहिणाऱ्याच्या साठ्यात तसाच राहतो, आणि वाचकाला हवा असेल तर एक बटण दाबून बघता येतो. मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते. अडचण एवढीच, की गोळा करणारी ती यंत्रणा अवाढव्य आहे आणि व्यवहारात बहुतेक सगळे एकाच कंपनीच्या यंत्रणेतून बघतात. माझ्यासारख्या माणसाला महिन्याला चार पैसे भाड्याच्या सर्व्हरवर ती उभी करता येणार नाही. नॉस्टर या आणखी एका जाळ्यातही मूळ आणि वरची पोस्ट अशा दोन खुणा असतात, पण तुम्ही ज्या रिलेला, म्हणजे पोस्ट साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरला, जोडलेले असाल तेवढंच तुम्हाला मिळतं. म्हणजे मास्टोडॉनचंच दुखणं वेगळ्या वाटेने.

तिसरा प्रकार म्हणजे वाचकाच्या सर्व्हरने स्वतः जाऊन आणायचं. मास्टोडॉनची ४.५ ही आवृत्ती २०२५च्या नोव्हेंबरात आली. तिच्यात कुणी पोस्ट उघडली की सर्व्हर मूळ सर्व्हरकडे प्रतिसादांची यादी मागतो, मग त्या प्रतिसादांच्या सर्व्हरकडे त्यांच्या प्रतिसादांची, असं खाली उतरत जातो. आमच्याकडे हे चालू केल्यावर फरक लगेच जाणवला. कळलावीचा धागा आज कुणी उघडला तर इशारा सापडेल.

बरेच जण म्हणतात, आता प्रश्न मिटला. मला तसं वाटत नाही, अर्धाच मिटलाय. आणण्याने दिसण्याची अडचण सुटते, हक्काची सुटत नाही. तुम्ही साइटवरून उडवलेला तो गलिच्छ प्रतिसाद मैत्रिणीच्या सर्व्हरवर आधीच पोचलेला असेल, तर नव्याने यादी आणल्याने तो तिथून जात नाही. तुम्ही एखाद्याला ब्लॉक केलंत, तरी त्याने तुमच्या पोस्टखाली आधी लिहिलेलं तिसऱ्या सर्व्हरवर तसंच लटकत राहतं. त्याचा सर्व्हर तुमचा ब्लॉक पाळत नसेल, तर तो नवीनही लिहीत राहील, आणि त्याचे फॉलोअर ते तुमच्याच पोस्टखाली वाचतील. ज्या बायका आमचा सर्व्हर सोडून गेल्या, त्यातल्या दोघींनी मला हेच कारण सांगितलं होतं: मला दिसत नाही, पण माझ्या दारात तो बसलाय हे बाकी सगळ्यांना दिसतंय. तेव्हा माझ्याजवळ त्यांना द्यायला काही उत्तर नव्हतं. या विषयावर मी इतका जीव का लावतो, त्याचं कारण ते आहे.

आता माझं मत. प्रतिसादात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्या एकच समजतो. एक म्हणजे शब्द. ते लिहिणाऱ्याचे, ते त्याच्या सर्व्हरवर राहावेत, दुरुस्त करायचे किंवा पुसायचे ते त्यानेच. दुसरी म्हणजे माझ्या पोस्टखालची जागा. ती माझी. माझ्या ओट्यावर कुणी बसायचं हे मी ठरवणार, पण तो माणूस स्वतःच्या घरात काय बोलतो ते मी ठरवणार नाही. म्हणून धाग्याची यादी मूळ लेखकाच्या सर्व्हरने ठेवावी, यादीत घेतलेल्या प्रत्येक प्रतिसादाला मूळ लेखकाची संमती असावी, आणि बाकीच्या सर्व्हरनी पोस्टखाली आधी ती यादी दाखवावी. यादीतून काढलेला प्रतिसाद लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर जसाच्या तसा राहील. फक्त माझ्या पोस्टखाली तो लटकणार नाही.

हे काही माझं डोकं नाही. फेडिवर्समधलं हबझिला आणि त्या घराण्यातली सॉफ्टवेअर साधारण याच पद्धतीने चालतात, आणि ती पद्धत एफईपी-१७१बी या प्रस्तावात लिहून ठेवलेली आहे. एफईपी म्हणजे फेडिवर्समधल्या विकसकांनी एकमेकांसाठी मांडलेले सुधारणांचे प्रस्ताव. गोटूसोशल नावाच्या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये लेखक आधीच सांगू शकतो की अमुक लोकांची उत्तरं थेट घ्या, बाकीच्यांची मला विचारून. मास्टोडॉनने उद्धृत पोस्टसाठी असाच संमतीचा शिक्का आणला आहे: माझी पोस्ट उद्धृत करायची तर माझ्या सर्व्हरची मंजुरी लागते, आणि ती मला मागे घेता येते. म्हणजे यंत्रणा तयार आहे. ती उद्धृत पोस्टवरून प्रतिसादांपर्यंत आणायची राहिली आहे.

यावर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत आणि मी ते टाळत नाही. सगळ्यात मोठा हा: लेखकच लबाड असेल तर? समजा शिक्षिकेच्या जागी कळलावीचे कंद विकणारा कुणी असता. विषारी असल्याचा इशारा त्याने पहिल्या मिनिटाला यादीतून काढला असता. म्हणून यादीबाहेरचे प्रतिसाद पूर्ण अदृश्य करू नयेत. वाचकाच्या सर्व्हरने "लेखकाने न घेतलेले प्रतिसाद" असं एक बंद दार ठेवावं, उघडायचं की नाही ते वाचकाने ठरवावं. शिवी आणि धमकीसारख्या गोष्टी त्या दारामागेही नकोत. ते काम त्या त्या सर्व्हरच्या ॲडमिनचं, आणि ते लेखकाच्या मर्जीवर सोडू नये. आणि एखाद्या महापालिकेचं खातं पाणीकपातीचं निवेदन टाकत असेल, तर त्याला खाजगी माणसाइतका ओट्याचा हक्क असावा असं मला वाटत नाही. तिथे दार उघडंच असावं. म्हणजे उत्तर बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. पण दोन माणसांमधला साधा संवाद डोळ्यांपुढे ठेवला, तर माझा कौल लेखकाच्या बाजूने आहे.

दुसरा आक्षेप भाराचा. तुमच्या छोट्या साइटचे फॉलोअर उद्या २,००० सर्व्हरवर पसरले आणि एका लेखावर ३०० प्रतिसाद आले, तर प्रत्येक प्रतिसाद प्रत्येक सर्व्हरला पाठवायचा म्हणजे ६ लाख फेऱ्या. स्वस्तातलं होस्टिंग त्यातच झोपेल. आमच्याकडे एक पोस्ट खूप पसरली होती, तेव्हा साइडकिकची, म्हणजे मास्टोडॉनच्या मागे चालणाऱ्या पाठवापाठवीच्या कामांची, रांग रिकामी व्हायला दुपार गेली होती. म्हणून यादी सगळ्यांकडे ढकलू नये. वाचकाने धागा उघडला की त्याच्या सर्व्हरने ती मागावी, आणि पुन्हा मागण्याआधी थोडा वेळ थांबावं. काढून टाकलेल्या प्रतिसादाची सूचना मात्र लगेच सगळ्यांना जावी, तिथे उशीर परवडत नाही. आणि लेखकाचा सर्व्हर कायमचा बंद पडला तर? यादी जाईल, पण वर दाखवणाऱ्या खुणा आणि इतरांकडच्या प्रती राहतील, म्हणजे आज जसा आहे तसा तुटका-मुटका धागा तरी शिल्लक राहील. आजच्यापेक्षा वाईट काही होणार नाही.

फॉलोअरपुरत्या पोस्टबद्दल फार कमी बोललं जातं, आणि त्यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं. समजा मी फक्त माझ्या फॉलोअरांसाठी लिहिलं की बाबांना दवाखान्यात ठेवलंय. माझ्या चुलतभावाने त्याखाली विचारलं, "काकांचा रिपोर्ट आला का? कुठल्या वॉर्डात आहेत?" त्याचा प्रतिसादही फॉलोअरपुरताच असतो, पण मास्टोडॉनमध्ये तो त्याच्या फॉलोअरांना दिसतो, माझ्या नव्हे. म्हणजे माझी पोस्ट ज्यांनी बघितलीच नाही अशा अनोळखी लोकांना बाबांचा वॉर्ड कळतो. आणि माझी सख्खी बहीण, जी मला फॉलो करते पण त्याला करत नाही, तिला ते उत्तर दिसत नाही. घरातलं बोलणं घरातल्यांपासून लपलं आणि रस्त्यावर ऐकू गेलं. बंद पोस्टवरच्या प्रतिसादाचे वाचक म्हणजे त्या पोस्टचेच वाचक, असा नियम असायला हवा. यात मला परिस्थितीवर सोडण्यासारखं काही दिसत नाही. डायस्पोरात पहिल्यापासून असंच आहे, कारण तिथे कमेंट लेखकाच्या हातून जाते.

स्पॅमबद्दल थोडक्यात. २०२४च्या फेब्रुवारीत फेडिवर्सवर स्पॅमची मोठी लाट आली होती. नोंदणी उघडी ठेवलेल्या आणि कुणाचं लक्ष नसलेल्या छोट्या सर्व्हरवर धडाधड खाती उघडून लोकांचा उल्लेख करणाऱ्या पोस्ट सोडल्या गेल्या. आम्ही ते दोन-तीन दिवस हाताने सर्व्हर बंद करत बसलो होतो. अनोळखी सर्व्हरवरच्या नवीन खात्याचा पहिला प्रतिसाद लेखकाने बघेपर्यंत थांबवून ठेवायची सोय त्या वेळी असती, तर ती लाट निदान पोस्टखाली तरी दिसली नसती.

आता तुमच्या साइटचं. सगळ्या जगाने पद्धत बदलेपर्यंत तुम्हाला थांबायचं कारण नाही. तुमची साइट मूळ लेखकाचा सर्व्हर आहे, म्हणजे यादी तुमच्याकडेच आहे. फेडिवर्सवरून आलेले प्रतिसाद वर्डप्रेसमध्ये साध्या कमेंटसारखेच येतात, आणि कमेंट रोखून धरायच्या ज्या सेटिंग आहेत त्या त्यांनाही लागू होतात. पहिल्यांदा लिहिणाऱ्याची कमेंट मंजुरीसाठी थांबेल असं ठेवा. लेखाखाली एक ओळ टाका की पूर्ण चर्चा इथेच वाचता येईल, आणि मास्टोडॉनवर पाठवताना लेखाची लिंक न चुकता जाऊ द्या. बाहेर कुणाला २ दिसोत की ५, मूळ पान कुठलं हे सगळ्यांना कळेल.

नाव टाकून लिहिणाऱ्या साध्या वाचकांच्या कमेंट फेडिवर्सवर ढकलायचा मोह टाळा. त्यांनी तुमच्या पानावर लिहिलंय, जगभरच्या सर्व्हरवर त्याची प्रत जाईल याला त्यांची संमती नाही, आणि उद्या त्यांनी "माझं काढा" म्हटलं तर तुम्हाला ते सगळीकडून काढता येणार नाही. पुढेमागे ब्रिजी फेड (फेडिवर्स आणि ब्लूस्काय यांना जोडणारी सेवा) वापरून ब्लूस्कायलाही जोडायचं म्हणाल, तर हीच खबरदारी घ्या. तिथे ज्याने स्वतः होकार दिलाय त्याचेच प्रतिसाद पलीकडे जातात, आणि ते बरोबर आहे. ब्लूस्कायची मर्यादा ३०० अक्षरांची आणि मास्टोडॉनची सहसा ५००, त्यामुळे लांब प्रतिसाद पलीकडे तुटका जातो. मराठीत तर मोजणीही एकसारखी नसते. युनिकोड या संगणकावरच्या लिपींच्या मानकाच्या १५.१ आवृत्तीच्या आधीच्या नियमाने 'क्षत्रिय' शब्दात ५ अक्षरं मोजली जातात, नंतरच्या नियमाने ३, म्हणून एका ठिकाणी बसणारा प्रतिसाद दुसरीकडे कापला जाऊ शकतो. महत्त्वाचं असेल ते पहिल्या दोन वाक्यांत लिहा, असं मी आमच्या लोकांना सांगतो.

उडवलेल्या प्रतिसादाबद्दल: तुमच्या साइटवरून काढलात, म्हणजे फक्त तुमच्या प्रतीतून गेला. मैत्रिणीच्या सर्व्हरवरून तो काढायला तिने त्या पोस्टची तक्रार आपल्या ॲडमिनकडे करायची, आणि तुम्ही लिहिणाऱ्याच्या सर्व्हरच्या ॲडमिनकडे. दोन्ही करा. लिहिणाऱ्याच्या ॲडमिनने ती पोस्ट काढली, तर तिथून निघालेली पुसण्याची सूचना ती पोचली होती त्या बहुतेक सर्व्हरपर्यंत जाते. मी असे निरोप इतर ॲडमिनना नेहमी पाठवतो. चांगल्या सर्व्हरवर सहसा एका दिवसात उत्तर येतं. पोस्टची लिंक आणि स्क्रीनशॉट सोबत जोडा, नुसतं "याने घाण लिहिलंय" लिहून काम होत नाही.

आणि चांगला प्रतिसाद खोलवर दडून राहिला असेल, तर त्या शिक्षिकेने जे केलं ते करा. मी त्यांना फोन करून सांगितलं की तुमच्या पोस्टखालचा विषाचा इशारा बाहेर कुणाला दिसत नाहीये. त्यांनी लगेच अभ्यासक बाईंचं ते उत्तर बूस्ट केलं. बूस्ट त्यांच्या प्रत्येक फॉलोअरच्या सर्व्हरवर गेला. त्या सर्व्हरनी उत्तर आणलं, त्यावरची वर बोट दाखवणारी खूण वाचली आणि ते मूळ धाग्यात नेमक्या जागी बसवलं. मी चाचणीच्या खात्यातून पान पुन्हा उघडलं, तर अग्निशिखाच्या खाली इशारा आलेला होता. लेमीची कम्युनिटी जे आपोआप करते, तेच त्यांनी हाताने केलं: हा प्रतिसाद माझ्या धाग्यात आहे, असं सगळ्यांना कळवलं. मग त्यांनी मूळ पोस्टही दुरुस्त करून पहिल्याच ओळीत लिहिलं, "विषारी आहे, मुलांना तोडू देऊ नका." दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणावर त्यांनी हाताने लिहिलेली पाटी लावली, आणि तिचा फोटो त्याच धाग्यात टाकला.

तुमचा लेख आणि ती वादग्रस्त पोस्ट यांच्या लिंक इथे टाकल्यात, तर तुमच्या मैत्रिणीच्या सर्व्हरपर्यंत नेमकं काय पोचलंय ते मी आमच्या सर्व्हरवरून बघून सांगतो.